पुढं काय दिसतंय, सूनबाई?

मी जात्याच भित्री. लहानपणी विहिरीत वाकून बघायची माझी कधी छाती झाली नाही. बैलाने नुसती मान हलवली तरी मी घरात पळायचे. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लग्न झाल्यावर आमच्या ह्यांनाही फार लवकर कळलं. त्यात त्यांना गंमत वाटायची. कुणी घरी आलं की ते माझ्या भित्रेपणाचे किस्से सांगत आणि मी चहाचे कप घेऊन आत जात असे.

ही गोष्ट साठीच्या दशकातली. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि हे तिथल्या एका ठेकेदाराकडे नकाशे काढायच्या कामावर होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरजवळ सरावलीत एका वाडीवाल्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत आमचा नवा संसार होता. दुपारी लांबून सुरुंगांचे आवाज येत, मांडणीवरची भांडी किणकिणत आणि मी दार लावून घेई. त्यातच ह्यांनी एक जुनी फटफटी घेतली. बोईसरच्या मोकळ्या मैदानात चार-सहा रविवार पडून-धडपडून ते ती चालवायला शिकले, आणि त्या हिवाळ्यात एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "आपण सहलीला जायचं. सुभेदार नेणार आहेत."

सुभेदार म्हणजे ठेकेदाराच्या गाड्यांची देखभाल बघणारे गृहस्थ. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. लढाईच्या काळात फौजेत फटफटीवरून निरोप पोचवायचं काम त्यांनी केलं होतं. तेही आमच्याच मुलखातले, म्हणून मला सूनबाई म्हणायचे आणि मी त्यांना काका. दर हिवाळ्यात ते कामावरच्या फटफटीवाल्यांना घेऊन लांबच्या सहलीला जात. ते पुढे, बाकीचे मागे. रस्ते त्यांना तोंडपाठ होते. या खेपेस जव्हारचा डोंगर चढून मोखाड्यावरून त्र्यंबक, नाशिक, मग तसंच माघारी येऊन डहाणू, बोर्डी आणि समुद्राच्या कडेकडेने घरी, असा बेत होता.

घरी एकटी राहायची भीती आणि फटफटीवर बसायची भीती या दोन्हींत मला घरचीच जास्त वाटली. म्हणून मी निघाले. घरमालकीण ओट्यावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "फटफटीवर बसून डोंगर कशाला चडायचा गो बाय? आमी बैलगाडीत पन डोले मिटून बसतो."

बेटेगाववरून आम्ही पालघरला गेलो. तिथे आमच्यातला एक फोरमन राहायचा, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, उंचापुरा आणि अबोल. तो येऊन मिळाला. दोन तरुण इंजिनियर होते, दोघेही अविवाहित. मिळून पाच फटफट्या आणि बाईमाणूस मी एकटीच. पालघरच्या बाजारातून बाहेर पडल्यावर सुभेदारकाकांनी सगळ्यांना थांबवून नियम सांगितले. "माझ्या म्होरं कुणी जायचं न्हाई. मी हात वर केला की थांबायचं. मागल्याची फटफटी दिसंना झाली तर तितंच उभं ऱ्हायचं."

वाघोबाच्या खिंडीत पहिला प्रसंग आला. पाचवारी साडी नेसून मी ह्यांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसले होते. चढावर फटफटी हेलकावे खात होती. ह्यांचे खांदे ताठरले होते, म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती, पण ते बोलत नव्हते. एका वळणावर माझा पदर सुटला आणि मागच्या चाकात गेला. मानेला असा हिसका बसला, की मी ओरडलेही नाही. हे कसेबसे थांबले तेव्हा मी जवळजवळ चाकावर आडवी झाले होते. पदराच्या चिंध्या झाल्या होत्या.

वाघोबाच्या देवळापाशी सगळे थांबले. कुणी नारळ फोडला. सुभेदारकाका माझ्याकडे आले, जरा जास्तच जवळ येऊन त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "नवशिक्यानं घाटात मागं माणूस घेऊ नये. सूनबाई माझ्या मागं बसतील." मग मला म्हणाले, "लुगडं हाय का नऊवारी?"

पांघरायला म्हणून आईचं जुनं लुगडं मी आणलं होतं. मनोरला एका घरात जाऊन मी ते नेसले, कासोटा घट्ट खोचला आणि काकांच्या मागे पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसले. इंजिनियर म्हणाले, "वहिनी, तुमची चैन आहे. सगळ्यात पक्क्या माणसाच्या मागे जागा मिळाली." मलाही ते पटलं. काकांची फटफटी ह्यांच्यासारखी डुगडुगत नव्हती. मनोर सोडून विक्रमगडच्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता आला.

जव्हारचा चढ सुरू झाला तसं काका मान किंचित वळवून म्हणाले, "भ्या वाटतंय का, सूनबाई?"

"वाटतंय."

"मग एक करा. जे म्होरं दिसंल ते तोंडानं सांगत ऱ्हावा. फौजेत आमाला असंच शिकवलेलं. बोलत ऱ्हायलं की भ्या कमी हुतं."

मला त्या बोलण्याने फार बरं वाटलं. माझ्या भित्रेपणाची थट्टा न करता त्यावर उपाय सांगणारा हा पहिलाच माणूस होता. मी इंजिनाच्या आवाजावर त्यांच्या कानाशी बोलू लागले. पुढे सागाची झाडं आहेत. रस्ता डावीकडे वळतोय. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बाया समोरून येतायत. उजवीकडे दरी आहे, फार खोल आहे, काका. ते नुसते "व्हय, व्हय" करत होते. आणि भीती खरंच थोडी कमी झाली.

जव्हारला आम्ही धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी मोखाड्याकडे निघालो. तो रस्ता अजून अवघड होता. ऊन कोवळं होतं पण समोरून होतं, थेट डोळ्यांत. मी पुन्हा बोलत होते. बोलताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काका समोर बघतच नव्हते. त्यांची मान खाली होती आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेला, जिथे डांबर संपून माती सुरू होते तिथे, अगदी चाकाजवळ. मी "डावीकडे वळण" म्हटलं की हँडल डावीकडे जाई. मी "गाडी येतेय" म्हटलं की फटफटी कडेला जाई. आधी नाही, मी बोलल्यावर.

मनातल्या मनात म्हटलं, छे, हे आपलं भलतंच काहीतरी. पण त्यांची ती झुकलेली मान बघत राहिले आणि बोलायचं राहून गेलं. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता. डाव्या बाजूला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर पांढरे दगड आणि त्यापलीकडे निळसर पोकळी. मी बोलले नाही. फटफटी वळली नाही. ती सरळ त्या दोन दगडांमधल्या पोकळीकडे निघाली.

"काका, उजवीकडे!" मी किंचाळले.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला, हँडल फिरवलं, मागचं चाक खडीवरून घसरलं आणि आम्ही वळणाच्या टोकाशी थांबलो. खालून वारा येत होता. एक खडा घरंगळत गेला, तो कुठे पोचला त्याचा आवाजही आला नाही.

"थांबलात का?" ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "बोलत ऱ्हावा म्हणून सांगितलं होतं न्हवं?"

"काका, तुम्हाला दिसत नाही."

मागून बाकीच्यांच्या फटफट्यांचा आवाज जवळ येत होता.

"सावलीत दिसतं," ते शेवटी म्हणाले. "ऊन समोर आलं की सगळं पांढरं हुतं. दुधात बघितल्यागत. मोतीबिंदू हाय. कापायला पायजे म्हंत्यात." मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या थोरल्या भावानं डोळं कापून घेतलं, ते दोन्ही गेलं. सूनबाई, मी गोळीला कधी भ्यालो न्हाई. पर डोळ्याला सुरी लागणार म्हटलं की माझं हातपाय गळत्यात."

तेवढ्यात हे आणि फोरमन येऊन थांबले. "काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाई," काका म्हणाले. "सूनबाईंस्नी दरी बघायची हुती."

सगळे हसले. मी, आणि दरी बघणार! हे तर इतके हसले, की त्यांना फटफटी सावरता येईना. आणि मी तिथे काही बोलू शकले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. काकांचा आवाज अजून माझ्या कानात होता, एवढंच सांगू शकते.

त्यानंतर नाशिकपर्यंतचा रस्ता मी कसा काढला, माझं मला ठाऊक. आता दरीची भीती उरली नव्हती, त्याहून मोठी भीती मानगुटीवर बसली होती. एक क्षण गप्प बसायची सोय नव्हती. डोळे चुरचुरत होते आणि मिटायची धास्ती होती. धूळ गेली, पाणी आलं, तरी मी ते ताणून धरले होते. बैल, शेळ्या, खड्डा, पूल, पोरं, एकेक शब्द मी त्यांच्या कानात टाकत होते आणि एकेका शब्दाला हँडल वळत होतं. मागे चार फटफट्या आमच्या चाकामागून विश्वासाने येत होत्या. त्यातल्या एकीवर माझा नवरा होता.

नाशिकला पोचल्यावर गोदावरीच्या घाटावर मी ह्यांना बाजूला घेतलं.

"अहो, काकांना दिसत नाही."

"कुणाला?"

"सुभेदारकाकांना. ऊन समोर आलं की त्यांना काही दिसत नाही. मी सांगते तशी ते गाडी चालवतात."

हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसू लागले. "अगं, दिसत नसतं तर तो माणूस आपल्याला इथवर घेऊन आला असता? घाटात भ्यालीस, आता काहीही सुचतंय तुला."

"माझ्या गळ्याची शपथ."

"बरं, ऐक. नको वाटत असेल तर उद्यापासून माझ्या मागे बस. मला आता हात बसलाय."

त्यांच्या मागे बसले तर मी सुटले असते. पण काका मात्र पुढे एकटे असते, कानात बोलायला कुणी नाही, आणि त्यांच्यामागे हे. मी रात्रभर तोच विचार केला. सकाळी सगळे निघाले तेव्हा मी लुगड्याचा कासोटा खोचला आणि काकांच्या मागे जाऊन बसले. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मी बसल्यावर त्यांनी एक मोठा उसासा टाकलेला मला कळला.

माघारी जाताना सकाळचं ऊन पाठीवर होतं आणि उतारावर झाडी. त्यांना बरंच दिसत होतं. तरी मी बोलत होते. दुपारनंतर ऊन समोर आलं तेव्हा तर क्षणभरही थांबले नाही. जव्हार गेलं, कासा गेलं, डोंगर मागे पडले. सपाटी आली, ताडाची झाडं आली, डहाणूला खारा वारा लागला. बोर्डीला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला थोडा अवकाश होता. सुरूच्या बनाखाली फटफट्या लावल्या आणि इंजिनियर शर्ट काढून पाण्यात धावले. मला वाटलं, झालं, सुटलो. आता घाट नाही, दरी नाही, उरला तो घरापर्यंतचा सपाट रस्ता.

"काका," मी त्यांना म्हटलं, "घरी गेल्यावर डोळे दाखवा. मी ह्यांना सांगते, ते येतील तुमच्याबरोबर."

"बघू," ते म्हणाले. समुद्राकडे तोंड करून बसले होते, पण डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी लागली आणि बोर्डीपासून डहाणूकडे लांबच लांब ओली, घट्ट वाळू उघडी पडली. फटफटी चालवायला त्याहून चांगली जागा नाही, असं जो तो म्हणत होता. दर खेपेला सहलीच्या शेवटी सुभेदार सगळ्यांना वाळूवरून नेतात, हे बोईसरलाच ठरलं होतं. मी काकांच्या जवळ गेले.

"काका, वाळूवरून नको. रस्त्याने जाऊ."

"वाळूवर काय आडवं येतंय, सूनबाई? झाड न्हाई, दगड न्हाई."

"ऊन समोर आहे."

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. दक्षिणेकडे, आम्हाला जायचं होतं तिकडेच, सूर्य कलायला लागला होता, आणि ओली वाळू आरशासारखी चमकत होती. मलाही तिकडे धड बघवत नव्हतं. काका काही बोलायच्या आत इंजिनियरांच्या फटफट्या सुरू झाल्या. काकांनी एकदा तोंड पुसलं आणि म्हणाले, "बसा. सावकाश जाऊ." मग बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "हितं मोकळं सोडतो तुमाला. पाण्यापास्नं लांब ऱ्हावा, बास."

त्याचा अर्थ, आता पुढे-मागे असा नियम राहिला नाही. सगळे पांगले. इंजिनियर डावीकडून सुरूंच्या कडेने निघाले, फोरमन मागे राहिला आणि हे आमच्या बाजूने, पाण्याच्या अंगाला, भन्नाट वेगाने पुढे गेले. त्यांनी एक हात वर करून मला दाखवला. तीन दिवसांपूर्वी खिंडीत घाबरलेला माणूस तो हाच, हे खरं वाटलं नसतं.

मी हातांचा आडोसा करून पुढे बघत होते. नरपड गावाच्या अलीकडे वाळूवर एक मचवा कलंडून बसला होता. ओहोटीत होड्या तशा बसतात. मचव्यापाशी दोन-तीन माणसं होती आणि ती हात हलवत होती. मला वाटलं, फटफट्या बघून हलवत असतील. मग त्या चमकणाऱ्या वाळूवर मला एक रेघ दिसली. बारीक, काळी, सरळ. मचव्याच्या पुढच्या टोकापासून निघून ती लांब पाण्याच्या दिशेने रोवलेल्या नांगरापर्यंत गेली होती. दोर होता तो. ताणलेला, माणसाच्या छातीइतका उंच.

हे त्याच दोराकडे निघाले होते.

मी हाका मारल्या. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात त्या माझ्याच कानांपर्यंत पोचल्या नाहीत. मी काकांच्या खांद्यात नखं रुतवली.

"काका, दोर आहे! पुढे दोर आहे, आणि हे त्याच्यावर जातायत!"

"कुटं?" काका ओरडले. "मला कायबी दिसंना! कुटं हायत ते?"

"उजवीकडे. पुढे. लांब!"

त्या घटकेला काकांनी जे केलं ते मी जन्मभर विसरले नाही. त्यांनी वेग कमी केला नाही, वाढवला. फटफटी अशी उसळली, की मी मागे फेकली जाता जाता राहिले. समोर नुसता पांढरा लोळ आणि त्यात तो माणूस आंधळ्यासारखा निघाला होता, माझ्या आवाजावर.

"बोला, सूनबाई! बोलत ऱ्हावा!"

"सरळ! सरळ! आता उजवीकडे. थोडं. बास! सरळ! अजून पुढे आहेत!"

दोर मोठा होत होता. त्याचे पीळ मला दिसू लागले. ह्यांची पाठ दिसत होती, निळा शर्ट फुगलेला. मला वाटलं, आता तिघेही जाणार. मी डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, पण मिटता येत नव्हते.

"आपण बरोबरीला आलो, काका! उजवीकडे वळा! एकदम!"

काकांनी हँडल फिरवलं. आमची फटफटी ह्यांच्या पुढ्यात आडवी गेली. ह्यांनी दचकून ब्रेक मारला, त्यांचं चाक आमच्या मागच्या चाकावर आदळलं आणि आकाश, वाळू, पाणी सगळं एकदम फिरलं.

मी ओल्या वाळूत पालथी पडले होते. तोंडात खारट चव. आधी मला कुणाचाच आवाज आला नाही. मग ह्यांची हाक आली, माझ्या नावाची. चारचौघांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. मी उठून बसले. कोपर सोलवटलं होतं, मनगट वाकत नव्हतं. हे गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे येत होते. त्यांच्या डोक्यावर, हात उंचावला तर लागेल एवढ्या अंतरावर, तो दोर होता. त्यांनी वर पाहिलं. हाताने तो दोर धरला, हलवून बघितला, आणि तिथेच वाळूत ओकले.

मचव्यावरची माणसं धावत आली. त्यांच्यातली एक बाई मला धरून म्हणाली, "लागलं काय गो बाय? आमी कवाच्या हाका मारतो, तुमाला ऐकू नाय आलं. एवडा दोर हाय, दिसला नाय काय कोनाला?"

काका फटफटीखालून बाहेर निघाले होते, पण डावा हात लुळा लोंबत होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. इंजिनियर आणि फोरमन येऊन पोचले. त्यांच्यातला एक इंजिनियर भडकला होता. "सुभेदार, असं आडवं घालतात? मेले असते सगळे!"

काका वाळूत बसले. उजव्या हाताने त्यांनी डोळ्यांतली वाळू पुसली.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. उन्हात मला कायबी दिसत न्हाई."

मग तोच इंजिनियर म्हणाला, "आणि तुम्ही आम्हाला त्या घाटातून नेलंत?"

"रस्ता पाठ हाय माझा."

"आणि समोरून येणाऱ्या गाड्या? त्याही पाठ आहेत?"

काकांनी मान खाली घातली. इंजिनियर बोलत होता ते खोटं नव्हतं. मलाही काकांचा राग आला होता, इतका, की रडू फुटत होतं. पण मी ज्या माणसावर रागावले होते तो नुकताच माझ्या एका शब्दावर त्या दोरावर धावून गेला होता, आणि हे दोन्ही माझ्या मनात एकदम मावेना. फोरमनने गळ्यातला मफलर काढला, काकांचा हात अलगद त्यात बांधला आणि म्हणाला, "भाभीजी ने बताया रास्ता? पूरा?"

"पूरा," काका म्हणाले. "मोखाड्यापास्नं."

हे माझ्याकडे बघत होते. नाशिकच्या घाटावर मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असणार. मी ते बोलून दाखवलं नाही.

मचव्यावाल्यांनी बैलगाडी मिळवून दिली. डहाणूच्या दवाखान्यात काकांचं हाड बांधलं, माझं मनगटही बांधलं. बाकीचे आपापल्या फटफट्या घेऊन रस्त्याने गेले, आमच्या दोन्ही मचव्यावाल्यांकडेच ठेवल्या. काका, हे आणि मी पॅसेंजर गाडीने बोईसरला आलो. सगळ्या वाटेत ह्यांनी माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरून ठेवला होता. मला ते कळत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ह्यांनी फटफटी त्यानंतर पुष्कळ वर्षं चालवली, पण माझ्या भित्रेपणाचे किस्से सांगणं तेव्हापासून बंद झालं. माझी भीती काही गेली नाही. उलट कित्येक दिवस स्वयंपाक करताना मधेच मला वाटायचं, आपण गप्प बसलोय, बोललं पाहिजे, आणि मी उगीचच म्हणायचे, पातेलं आहे, चूल आहे, दार उघडं आहे.

काकांचं हाड जुळल्यावर हे त्यांना मुंबईला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेले. ते सहजासहजी तयार झाले नव्हते. गावाहून त्यांची बायको आली, तिने पाया पडून बघितलं, उपास धरले, तरी ते नाहीच म्हणत होते. शेवटी त्यांनी ह्यांना निरोप दिला, "सूनबाई येत असतील तर येतो."

म्हणून मी गेले. डोळा कापल्यावर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना उताणं निजवलं होतं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. त्यांची बायको पायथ्याशी बसून असायची. त्यांचे हात मात्र पलंगाची कड घट्ट धरून असायचे, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. मी खिडकीशी स्टूल ओढून घेतलं.

"पुढं काय दिसतंय, सूनबाई?"

मी सांगू लागले. समोर पिंपळ आहे. त्याखाली शहाळेवाला बसलाय. एक नर्स घाईघाईने फाटकातून येतेय, तिच्या हातात छत्री आहे. भिंतीवर मांजर आहे, निजलंय. मी दुपारभर बोलत राहिले, आणि हळूहळू त्यांची बोटं सैल झाली.

दुसरा डोळा पुढे काही महिन्यांनी कापला. त्यानंतर ते आणि त्यांची बायको गावी परत जायच्या आधी आमच्याकडे सरावलीला आले. बसमधून उतरून वाडीतल्या पायवाटेने कुणाचा हात न धरता आले. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, त्यामागे त्यांचे डोळे मोठाले दिसत होते. मी दारात उभी होते. ते अंगणात थांबले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही सूनबाई?" त्यांनी ह्यांना विचारलं. "तवा तोंड कधी नीट दिसलंच न्हवतं. आवाजावरनं मला वाटलेलं, चांगली थोराड बाई असंल. ही तर पोर हाय."

मी वाकून दोघांना नमस्कार केला आणि त्यांना घरात घेतलं.